अर्ध्या सुतानं अडवलेलं जॅकेट

जॅकेट काल पूर्ण झालं. पाठीवरचे चारही ब्लॉक, म्हणजे लहान चौकोन जोडून शिवलेले मोठे चौकोन, मधोमध कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. त्या एका कोपऱ्यासाठी माझे तीन आठवडे गेले, म्हणून आधी तेच सांगते.

ठरवलं होतं ते साधं होतं. उरलेल्या सुती तुकड्यांचे आठ ब्लॉक शिवायचे, चार पाठीला आणि पुढच्या दोन भागांना दोन-दोन. ब्लॉक तीन तऱ्हेचे: काही नऊ चौकोनांचे, काही सोळांचे, काही चार मोठ्या चौकोनांचे. प्रत्येक ब्लॉक शिवून साडेबारा इंच यायला हवा. पुढे एकमेकांना जोडताना चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो आणि बारा इंच दिसतो. त्यासाठी नऊच्या ब्लॉकला साडेचार इंची चौकोन लागतात, सोळाला साडेतीन इंची, चारला साडेसहा इंची. कापणं दोन संध्याकाळींत उरकलं.

शिवून मोजलं तर नऊचा ब्लॉक सव्वाबारा भरला. सोळाचा बारा इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. चारचा साडेबाराला एक सूत कमी. तिघांची तीन मापं! एकाशेजारी एक ठेवले की शिवणी पुढेमागे सरकायच्या.

मला वाटलं कापण्यात चुकलं. नवे चौकोन कापले, पट्टीनं दोनदा मोजले, शिवले. पुन्हा सव्वाबारा. मग इस्त्रीवर संशय आला, म्हणून शिवणी उघडून, वाफ देऊन दाबल्या. तरी तेच. शेवटी लहान ब्लॉक ओढून मोठ्याला टाचण्या लावल्या आणि टीप मारली. पाठीवर लाटा उठल्या. सगळे ब्लॉक कापून सर्वांत लहानाएवढे करावेत असंही मनात आलं, पण मग कडेचे चौकोन बारीक आणि मधले मोठे दिसले असते. ते मला नको होतं.

आत्यांना दाखवलं. त्यांनी ब्लॉक हातातही घेतला नाही. "अगं, मशीनचा पाय मोजलास का?" एवढंच विचारलं.

पाय म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो. स्टीलची पट्टी घेऊन सुईपासून त्याच्या कडेपर्यंत मोजलं. अडीच सूत! पाव इंच म्हणजे दोन सूत. मी इतके दिवस कापडाची कड पायाच्या कडेला लावून टीप मारत होते, पाव इंच शिवण सोडतेय अशा समजुतीत. दर शिवणीत दोन्ही तुकड्यांचं अर्धं-अर्धं सूत जास्त जात होतं, म्हणजे शिवणीमागे एक सूत. नऊच्या ब्लॉकमध्ये आडव्या ओळीत दोन शिवणी, गेलं पाव इंच. सोळात तीन शिवणी, गेली तीन सुतं. चारात एकच शिवण, गेलं एक सूत. सगळा हिशेब तंतोतंत जुळला आणि मला भयंकर राग आला. ज्याला विचारावं तो "पाव इंच शिवण सोडा" म्हणतो. पायाची कड म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नका, हे कुणी सांगत नाही. नव्यानं शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट ही आहे.

तर पहिला ब्लॉक कापण्याआधी हे करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकीला एक जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. माझी सात सूत भरली होती. कमी भरली तर शिवण जास्त जातेय. मग सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पाट्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा आणि कापडाची कड त्याला टेकवून चालवा. शिवण पाव इंचापेक्षा केसभर कमीच हवी, कारण शिवण दुमडताना थोडं कापड घडीत जातं. मी चिकटपट्टी दोनदा सरकवली तेव्हा मधली पट्टी इंचावर आली.

मग आठही ब्लॉक उसवले. दोन मिलिमीटरचा बारीक टाका होता, जीव गेला. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढा, सगळा निघतो. टाका मात्र बारीकच ठेवा. कपडा बेतताना ब्लॉकच्या शिवणी मधूनच कापल्या जातात, मोठा टाका असेल तर तिथे सुटतो.

ब्लॉक साडेबारा भरायला लागल्यावर पुढचं भराभर झालं. शेजारच्या ओळींच्या शिवणी उलटसुलट दिशांना दाबल्या की जोडताना त्या एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री दाबायची, फिरवायची नाही, कापड ताणलं जातं.

कागदाचा पॅटर्न ठेवल्यावर लगेच कात्री लावू नका. कापायच्या रेषेच्या एक सूत आतून टीप मारून घ्या, मग कापा. खांद्याच्या रेषेवर ब्लॉकची शिवण येत असेल तर पॅटर्न थोडा वरखाली सरकवा, नाहीतर तिथे थरांवर थर चढतात आणि सुई मोडते. पुढचा दुसरा भाग कापताना पॅटर्न उलटा करायला विसरू नका.

हो, कापड आधी धुवून घ्यायचं राहिलं सांगायचं. गडद लाल आणि निळं तर वेगळं धुवा. गोधडीसारखा आत जाड थर घातला नाही, फक्त पातळ सुती अस्तर लावलं, त्यानं आतल्या सगळ्या शिवणी झाकल्या गेल्या. कडांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावली, गळ्याच्या वळणावर ती छान बसते.

बाह्या साध्या एकरंगी कापडाच्या ठेवल्या. बाहीचा वरचा गोल मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत, थोडा चुणून बसवावा लागतो, आणि जिथे दर तीन-चार इंचांवर शिवण आहे तिथे कापड चुणत नाही. एक बाही ब्लॉकची करून पाहिली होती, खांद्यावर टेंगूळ आलं. उसवली आणि त्याच दिवशी साध्या कापडाची जोडली.