ओटीचा दर आणि कालनिर्णयावरची पेन्सिल

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी सहा वर्षे हजेरी आणि पगाराचे काम केले. तिथे ओव्हरटाइमचा, म्हणजे ओटीचा, हिशेब चुकीचा होत होता आणि तो माझ्याच हातून होत होता, ही खंत अजून जात नाही.

प्रेस शॉपमधल्या एका कामगाराचे उदाहरण सांगतो. त्याचे मूळ वेतन १०,४०० रुपये आणि महागाई भत्ता ५,२०० रुपये होता. एकूण १५,६०० रुपयांना २६ दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागले की तासाचे ७५ रुपये होतात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम झाले, तर त्या जादा तासांना दुप्पट, म्हणजे १५० रुपये दर लागायला हवा होता. आमच्याकडे मात्र केवळ मूळ वेतन धरून, तेही एकपटच, तासाला ५० रुपये लावले जात. ज्या महिन्यात ४० तास ओटी होई, त्या महिन्यात ६,००० ऐवजी २,००० रुपये त्याच्या हाती पडत आणि पगारचिठ्ठीवर ही रक्कम ‘इतर भत्ता’ म्हणून छापली जाई.

एके दिवशी तो घरच्या भिंतीवरचे कालनिर्णयच गुंडाळून घेऊन आला. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने सुटण्याची वेळ लिहिलेली होती. एका चौकटीत तर ‘मशीन बंद, तरी आठपर्यंत थांबवले’ अशी नोंद होती. त्या नोंदी मी हजेरीपत्रकाशी ताडून पाहिल्या, तेव्हा दहा मिनिटांचाही फरक निघाला नाही.

वकिलाची फी परवडणार नाही, म्हणून तो इतकी वर्षे गप्प बसला होता. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. आमच्या कारखान्यात हे कोणत्याही फलकावर लावलेले मी पाहिले नाही.

दुप्पट दर ही मालकाची मेहेरबानी नव्हे. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना दुप्पट दरातून सूट दिली होती; १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळातल्या जादा तासांचे पैसे द्यायला लावले.

त्या कामगाराचा अर्ज वेतन प्रदान अधिनियमाखाली दाखल झाला आणि पुढे तडजोड झाली. त्या कायद्यात दावा करण्याची मुदत बारा महिन्यांची होती, त्यामुळे नऊ वर्षे ओटी करूनही मागणी एकाच वर्षाची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षांची आहे, दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद आहे आणि देणी चुकती केल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तरीही हजेरीच्या पंचिंग मशीनमधली नोंद मालकाच्याच ताब्यात राहते. म्हणून सुटण्याची वेळ रोज आपल्या हाताने लिहावी, पगारचिठ्ठ्या जपाव्यात आणि वर्ष संपले म्हणून जुने कालनिर्णय रद्दीत घालू नये.