फोटोची मागची बाजू

गिरणगावातली चाळ पुनर्विकासाला गेली की सामानाच्या आवराआवरीत फोटोंची पत्र्याची पेटी हमखास मागे राहते. गिरण्यांची दफ्तरं मालकांच्या आणि युनियनच्या कपाटांत सापडतील. पण एका गावच्या कामगारांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीतली वळकट्यांची रांग, चाळीचं भजनी मंडळ, १९८२च्या संपाआधीचं साचाखातं म्हणजे मागांचा विभाग, हे असलं तर त्या पेटीतच.

असा फोटो हाती आला की आधी उलटा करावा. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘मुंबई ४०० ०१२’ असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. नुसतं ‘मुंबई १२’ असेल तर मात्र खात्री नाही. जुना शिक्का टाकून नवा करायचा कंटाळा कुणालाही येतो. मागे रस्त्यावर ट्राम धावताना दिसली तर फोटो ३१ मार्च १९६४ नंतरचा नाही.

भिंतीवरची फ्रेम उघडताना जपावं. पावसाळी दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला चिकटतो. ओढला की चेहरे काचेवर राहतात. अशा वेळी काचेसकट कॅमेऱ्याने टिपावा: फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. कडांवर आलेली चंदेरी झाक म्हणजे वर आलेली चांदी. ती पुसायला जाऊ नये. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही.

सुट्या फोटोचं स्कॅनिंग ६०० डीपीआयवर, कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये करावं. पिवळेपणा आणि शाईचे डागही पुराव्यात धरायचे. चार बाय सहा इंची फोटोची टिफ फाइल सुमारे २६ एमबी होते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ती आक्रसते.

खरी घाई स्कॅनची नाही, नावांची आहे. कागद अजून पन्नास वर्षं टिकेल, नावं सांगणारी आजी टिकेलच असं नाही. ग्रुप फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांचे गोल काढले तर पेन्सिलीचा दाब फोटोवर उमटतो. म्हणून झेरॉक्स काढावी आणि तिच्यावर गोल करून आकडे घालावेत. डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून. फोटोमागे लिहायचंच तर मऊ, ४बी पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. सत्तरच्या दशकानंतरच्या प्लॅस्टिक-लेपाच्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर लिहून मग फोटो आत घालावा.

या याद्यांत एक खोड दिसते. पुरुषांची नावं गाव-आडनावासकट, आणि बायका ‘वहिनी’, ‘अमक्याची आई’, ‘खानावळवाली मावशी’. दहा-बारा गिरणीकामगारांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या बाईचं नाव विचारलं की बहुतेक जण अडखळतात. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारावं. तिला माहेरचं नावही ठाऊक असतं, आणि भिशीत कोण बुडालं तेही.