पहिलं जेवण आणि संपलेला सिलिंडर

लग्नाला तीन महिने झालेले, कर्वेनगरला वन बीएचके भाड्याने घेतलेला, आणि नवऱ्याच्या ऑफिसमधल्या चौघांना जोडीने जेवायला बोलवायचं ठरलं, म्हणजे खरं तर मीच परस्पर बोलावून टाकलं. मी सांगलीची, आमच्यात माणसं मोजून स्वयंपाक होत नाही. हा सदाशिव पेठेत वाढलेला, याने आठवडाभर आधी एक्सेल शीट काढली. आठ पाहुणे अधिक आम्ही दोघं, माणशी अर्धी वाटी तांदूळ, श्रीखंड दीड किलो. म्हटलं दोन आण, तर म्हणे उरलं तर कोण खाणार. श्रीखंड उरतं का कधी?

शनिवारी संध्याकाळी मसालेभात अर्धाकच्चा आणि गॅस फुस्स. कनेक्शन नवीन, सिलिंडर एकच. हा चक्क लॅपटॉप उघडून म्हणतो, "शीटप्रमाणे अजून नऊ दिवस जायला हवा होता." मला हसू आलं, याला राग आला, पाच मिनिटं कुणी बोललंच नाही.

मग इंडक्शन काढलं, तर तुळशीबागेतून आणलेलं माझं पातेलं ॲल्युमिनियमचं, ते नुसतं टूं टूं करत बसलं. याने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला आणि आहेरातल्या एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघायला लागला, सगळी स्टीलची पण चिकटला फक्त एका कढईला. तिच्यात तोंडलीची भाजी टाकली. (हे मला कधी सुचलं नसतं, मान्य.)

भात मात्र तसाच पडलेला, म्हणून मी समोरच्या काकूंची बेल वाजवली. हा मागून कुजबुजतोय, "अगं ओळख ना पाळख!" काकूंकडे भरलेला जादा सिलिंडर होता, तो यानेच गोल गोल फिरवत आणला. वर काकूंनी याला शिकवलं की सिलिंडर ओल्या फडक्याने पुसायचा, आत गॅस जिथपर्यंत असेल तिथली ओल उशिरा वाळते. याने ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

भात बुडाला जरा करपला, तरी संपला. पण त्याआधी मी काकूंना म्हणून बसले होते, "आता जेवूनच जा." म्हणजे अकरा. याने माझ्याकडे पाहिलं, श्रीखंडाकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता मोठ्या वाट्या आत ठेवून छोट्या काढल्या.