छत्री तोयोओनेच दिली होती

चार दिवस पावसाने झोडपलं, त्यात वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात उएदा आकिनारी या जपानी लेखकाची सापिणीची गोष्ट तिसऱ्यांदा वाचून काढली. १७७६ साली निघालेल्या 'उगेत्सु मोनोगातारी'तली. पुस्तकाच्या नावातच पाऊस आणि चंद्र. गोष्टी नऊ आहेत, पण मी फिरून फिरून हिच्याचकडे येते.

तोयोओ हा किई प्रांतातल्या एका कोळ्याचा धाकटा मुलगा. घरच्या धंद्यात लक्ष नाही, सगळा जीव पुस्तकांत. पावसात एका खोपटात आडोशाला थांबतो, तिथे चिंब भिजलेली मानागो येते, तीच ही सापीण, बाईच्या रूपात. हा तिला छत्री देऊन टाकतो, तीही गुरुजींकडून मागून आणलेली! स्वतः खोपटवाल्याचं इरलं पांघरून घरी जातो. रात्री तिच्या घरी गेल्याचं स्वप्न पडतं. दुसऱ्या दिवशी छत्रीच्या निमित्ताने खरोखर जातो, तर घर हुबेहूब स्वप्नातलं.

इथेच मी दर वेळी अडते. पुढे सगळे तिलाच मायावी म्हणतात. पण ते घर आधी कुणाच्या डोक्यात उभं राहिलं?

आजी नागपंचमीची कहाणी सांगायची. त्यातली नागीण पिलं मेली म्हणून सूड घ्यायला निघते आणि दूध-नैवेद्य पाहून शांत होते. मानागोचं दुधावर भागत नाही. तिला हाच नवरा हवा असतो. तिने दिलेली तलवार देवळातून चोरलेली निघते, तोयोओ तुरुंगात जातो, सुटतो. ती पुन्हा हजर. योशिनोला एक म्हातारा तिला ओळखतो तेव्हा धबधब्यात उडी घेते. मग तोयोओ तोमिकोशी लग्न करतो, आणि दुसऱ्याच रात्री तोमिकोच्या तोंडून मानागोचा आवाज येतो. शपथा विसरलास ना?

शेवटी दोजोजी या बौद्ध देवळातल्या भिक्षूने दिलेली कफनी तो तिच्यावर टाकून दाबून धरतो. ती विनवते, जरा सैल सोड. तो आणखी जोर लावतो. कफनीखाली तोमिको बेशुद्ध आणि तिच्या छातीवर तीन फुटी पांढरा साप. तो लोखंडी भांड्यात घालून देवळापुढे पुरतात.

आणि तोमिको? शोजीची (हा तिचा बाप) मुलगी पुढे आजारी पडून गेली, एवढंच. त्या वाक्यात आकिनारी तिचं नावसुद्धा घेत नाही. तोयोओ मात्र सुखरूप राहिला म्हणे.