ट्रान्समिशन कूलर बसवायला संभाजीनगर, आणि मग कन्नडचा घाट

ट्रान्समिशन कूलर म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारी छोटी जाळी. तो बसवायला अंबाजोगाईहून गाडी नेली ती गॅरेजवाल्याच्या फोनवरच्या शब्दावर: "कूलर, पाइप, ऑईल, मजुरी धरून नऊ हजार, दुपारी गाडी न्या." गाडी मिळाली दिवेलागणीला आणि बिल साडेचौदा हजार. वाढीव पैसे सगळे ऑईलचे. कूलर आणि जादा पाइपात लिटरभरही मावत नाही. यांनी सात लिटर लावलं. "सगळंच बदललं," म्हणे. जुनं ऑईल दाखवा म्हटलं, तर ते आधीच ओतून दिलेलं! जाणाऱ्यांनी ऑईल लिटरवर ठरवावं आणि सीलबंद डबे डोळ्यांसमोर फोडून घ्यावेत.

कूलर बसतो एसीच्या कंडेन्सरपुढे. पोऱ्या कंडेन्सरच्या जाळीतूनच प्लास्टिकच्या पट्ट्या ओवायला निघाला होता, हात धरून थांबवला. आपल्या रस्त्यांवर असा बांधलेला कूलर हलत राहतो, घासून घासून कंडेन्सरला भोक पडतं आणि एसीचा गॅस जातो. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून घ्या. पाइप ट्रान्समिशन ऑईलचाच हवा. पाण्याचा पाइप गरम तेलात फुगतो. जोड द्यायचा रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर. मेकॅनिक अंदाजाने बोट दाखवत असेल तर गाडी फिरवून आणून बघा: दोन्हींतली कमी गरम ती परतीची.

बीड, गेवराईचा रस्ता मोकळा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. संभाजीनगरच्या पुढे वेरूळही वाटेतच लागतं.

खरी परीक्षा घाट उतरून परत चाळीसगावहून कन्नडकडे चढताना. २०२३ पासून जड वाहनांना बंदी, म्हणून निर्धास्त होतो. एक पिकअप वळणावर बंद पडली आणि रांग लागली. ऊन रणरणतं, गाडी हातभर पुढे जाते न् थांबते. स्कॅनरवर (गाडीला जोडलं की ऑईलचं तापमान दाखवणारं यंत्र) ऑईल ९४ अंशांवरून ११७ वर! दुकानदाराने हे सांगितलंच नव्हतं: वारा लागला नाही तर कूलर जवळपास शोभेचा. त्यात रांगत्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, तेल घुसळतच राहतं, सगळी उष्णता तिथेच तयार होते. अशा वेळी इंजिन बंद करायचं नाही. ऑईलचा पंप त्याच्यावरच चालतो. जागा बघून बाजूला घ्या, पार्कमध्ये टाका, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. दहा-पंधरा मिनिटांत आकडा शंभराच्या खाली आला. वर पोचल्यावर तर एवढा हुरूप आला की गाडी परत फिरवून थेट धुळ्याला न्यावी वाटलं!

मोकळ्या चढाला मात्र फरक दणदणीत आहे, पैसे वसूल. उन्हाळ्यात घाट सकाळी सातच्या आत चढा. एएमटीवाल्यांनी (साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या गाड्या) या भानगडीत पडूच नये, त्यांच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरच नसतो.