दोन्ही पार्ट्या हजर होत्या

उच्च न्यायालयात मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करणे हे माझे काम आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तर महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे खालच्या न्यायालयातला खटला अपिलात वर येतो तेव्हा साक्षीदाराचे शब्द एक भाषा ओलांडून न्यायमूर्तींपर्यंत पोहोचतात. या प्रवासात किती अर्थ टिकतो याची जाणीव आम्हा भाषांतरकारांना रोजच असते. पण एका साध्या, आता कुणालाही परका न वाटणाऱ्या शब्दावर भर न्यायालयात बोलण्याची वेळ माझ्यावर आली, तो दिवस वेगळा होता.

प्रकरण वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचे होते. दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचे लग्न 1994 च्या आधी झाले होते, त्यामुळे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणाऱ्या, हिंदू वारसा कायद्यातील त्या वर्षीच्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीचा लाभ तिला मिळाला नव्हता. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने मात्र ती भावांच्या बरोबरीची वाटेकरी ठरली. या कायद्यात एक तारीख फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे 20 डिसेंबर 2004. त्यापूर्वी रीतसर वाटप झालेले असेल तर ते मोडता येत नाही. नुसत्या तोंडी वाटपाचा बचाव सहसा स्वीकारू नये, सरकारी दप्तराचा भक्कम आधार असेल तरच अपवाद करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सांगितले आहे. भावांचे म्हणणे असे होते की 2003 च्या हिवाळ्यात तोंडी वाटप झाले, बहीण त्या वेळी हजर होती आणि तिने संमती दिली. शिवाय सातबारावरच्या नोंदीही त्यांनी पुढे केल्या होत्या. खालच्या न्यायालयाने बहिणीच्या बाजूने हुकूमनामा दिला आणि भाऊ अपिलात आले.

त्या वाटपाचा साक्षीदार त्यांचा जुना सालगडी होता. त्याची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने नोंदवलेली पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर झाली होती, कारण 2002 पासून दिवाणी दाव्यात ती तशीच होते. प्रतिज्ञापत्र वकिलाच्या कार्यालयात तयार होते, म्हणून त्याची भाषा साक्षीदाराची क्वचितच असते. येथेही ‘कौटुंबिक बैठक होऊन वाटप झाले व त्यास सर्व पक्षकार उपस्थित होते’ असे घोटीव वाक्य होते. उलटतपासणी मात्र न्यायाधीशांसमोर, तोंडी होते, आणि तिथे माणसाची स्वतःची बोली कागदावर उतरते. या गड्याने सांगितले होते: ‘हुरड्याच्या दिवसांत वस्तीवर पार्टी झाली. आदल्या दिवशी पार्टी रान बघून गेली होती. पार्टीच्या टायमाला दोन्ही पार्ट्या हजर होत्या.’

अपिलाबरोबर जोडलेले खाजगी भाषांतर मी वाचले तेव्हा त्यात चूक दाखवावी असा एकही शब्द नव्हता, आणि अडचण नेमकी तीच होती. भाषांतरकाराने ‘पार्टी’ हा शब्द इंग्रजीतून आलेला आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत जसाच्या तसा परत पाठवला होता. परंतु इंग्रजी न्यायालयीन भाषेत ‘दोन्ही पार्ट्या हजर होत्या’ याचा पहिला अर्थ ‘दाव्यातले दोन्ही पक्षकार हजर होते’ असाच होतो. भावांच्या ज्येष्ठ वकिलांनी युक्तिवाद उभा केला तो याच वाक्यावर: आधी समारंभ झाला, त्याला दोन्ही पक्षकार होते, म्हणजे बहीणही होती, आणि समारंभ झाला त्या अर्थी वाटप आनंदाने पार पडले होते. बहिणीच्या वकिलांनी हरकत घेतली. खंडपीठाने मूळ मराठी साक्ष मागवली, आणि वादग्रस्त उताऱ्याचे अधिकृत भाषांतर दुपारच्या सत्रात सादर करावे व भाषांतरकाराने स्वतः हजर राहावे, असे सांगितले.

हाती थोडा वेळ होता. मी साक्ष पहिल्या पानापासून पुन्हा वाचली, आणि मग त्या शब्दाचा उगम तपासला. न्यायालयात मत मागितले गेले तर ‘मला असे वाटते’ एवढे पुरत नाही.

इंग्रजीत लोक एकत्र जमण्याला जे शब्द आहेत त्यांतील बहुतेकांच्या पोटात एकत्र येणे, भेटणे हाच भाव आहे. काँग्रेस म्हणजे मुळात सोबत चालत येणे, कन्व्हेन्शन म्हणजे एकत्र येणे. पार्टीचा जन्म याच्या अगदी उलट्या कल्पनेतून झाला. लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग, हिस्सा. त्यावरून वाटणे, विभागणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘पार्तीर’ बनले आणि त्याचे ‘पार्ती’ हे रूप ‘वाटून वेगळा झालेला भाग’ या अर्थाने नांदू लागले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही तिथल्या दरबाराची आणि पुढे न्यायालयांची भाषा झाली, आणि तिच्याबरोबर हा शब्द इंग्रजीत शिरला. 1300 च्या सुमारास त्याचे जे अर्थ सापडतात ते भाग, बाजू आणि वादातली एक बाजू हे आहेत. न्यायालयातली ‘पार्टी’ ही मेजवानीच्या ‘पार्टी’पेक्षा शेकडो वर्षांनी जुनी आहे.

मग वाटणीतून मेळावा कसा निघाला? मोठ्या जमावातून वेगळी काढलेली तुकडी या अर्थाने सैनिकांची पार्टी झाली, शिकारीला निघालेल्यांची पार्टी झाली. वेगळी निघालेली तुकडी स्वतःपुरती एकत्रच असते, त्यामुळे हळूहळू लक्ष वेगळे होण्यावरून सोबत असण्याकडे सरकले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरी निमंत्रित मंडळी जमवून केलेल्या करमणुकीला हा शब्द वापरलेला दिसतो. दरम्यान राजकारणातला तट हा अर्थ आधीच रुजला होता. दोन शेजाऱ्यांमधल्या सामाईक भिंतीला इंग्लंडमध्ये आजही ‘पार्टी वॉल’ म्हणतात. त्या भिंतीचा समारंभाशी काही संबंध नाही, ती दोन हिस्से वेगळे करते.

एका कुटुंबाच्या वाटपाच्या दाव्यात हे वाचत असताना माझे लक्ष फाईलच्या पहिल्या पानाकडे गेले. त्या दाव्याचे इंग्रजी नाव ‘पार्टिशन’, बहिणीने मागितलेला दर्जा ‘कोपार्सनर’ म्हणजे बरोबरीचा वाटेकरी, दाव्यातले भाऊबहीण ‘पार्टी’, आणि जमिनीच्या वर्णनातला ‘पार्सल’ हा शब्दही त्याच ‘पार्स’चा वंशज. ‘पार्टनर’ हा ‘पार्सनर’चाच बदललेला उच्चार आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येणार नाही या अनुच्छेद 20 मधल्या तत्त्वाच्या इंग्रजी नावात जो ‘जेपर्डी’ शब्द येतो, तोही ‘ज्यू पार्ती’ म्हणजे दोन्हीकडे सारखा वाटला गेलेला, म्हणून निकाल अनिश्चित असलेला डाव, यातून आला आहे. इंग्रजी कायद्याची निम्मी भाषा या वाटणीतून उभी राहिली आहे असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे ‘पक्ष’ शब्दाने जवळजवळ हाच प्रवास केला आहे. मूळ अर्थ पंख, बाजू. त्यातून महिन्याचे शुक्ल आणि कृष्ण असे दोन पक्ष, शास्त्रार्थातले पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, न्यायालयातला पक्षकार, राजकीय पक्ष, आणि एका बाजूला झुकणे म्हणजे पक्षपात. फरक एवढाच की ‘पक्ष’ कधी मेजवानी झाला नाही. त्यासाठी आपल्याकडे पंगत होती, जेवणावळ होती, फारसीतून आलेली मेजवानी होती. ‘पार्टी’ मराठीत आली तेव्हा ती हे सगळे अर्थ एकदम घेऊन आली, आणि मराठी बोलणाऱ्यांनी ते क्रियापदांच्या आधाराने वेगळे ठेवले, ही गोष्ट मला त्या दुपारी प्रथमच इतकी स्पष्ट दिसली. पार्टी ‘झाली’ किंवा ‘दिली’ म्हणजे खाणेपिणे. पार्टी ‘आली’, ‘बघून गेली’, ‘तयार आहे’ म्हणजे जमिनीचे गिऱ्हाईक; कुठल्याही दलालाच्या बोलण्यात हा अर्थ ऐकू येतो. गावात पार्ट्या ‘पडल्या’ म्हणजे तट पडले. आणि एखाद्याला दाव्यात पार्टी ‘केले’ म्हणजे पक्षकार म्हणून सामील केले. शाळेची पायरी न चढलेला माणूसही यांत गल्लत करत नाही.

सालगड्याच्या पहिल्या दोन वाक्यांत त्यामुळे संदिग्ध काही नव्हते. वस्तीवर ‘झालेली’ पार्टी ही हुरडा पार्टी होती: रब्बीची ज्वारी कोवळी असताना आगटी पेटवून कणसे भाजायची आणि पाहुण्यांना शेतात बोलवायचे, याला वाटपाचा किंवा कुठल्याच व्यवहाराचा मुहूर्त लागत नाही. रान बघून ‘गेलेली’ पार्टी म्हणजे खरेदीदार. प्रश्न फक्त तिसऱ्या वाक्याचा होता, कारण ‘हजर होत्या’ हे क्रियापद वरीलपैकी कोणत्याच खुणेत बसत नाही.

उत्तर साक्षीतच, दोन पाने आधी होते. गावच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुकीबद्दल विचारले असता हाच साक्षीदार म्हणाला होता: ‘त्या साली सोसायटीवरून गावात दोन पार्ट्या पडल्या होत्या. थोरले मालक एका पार्टीत, धाकटे दुसऱ्या पार्टीत.’ खाजगी भाषांतरात हा भाग विषयाला सोडून म्हणून वगळला होता. साक्षीदाराच्या तोंडी ‘दोन पार्ट्या’ हा प्रयोग संपूर्ण साक्षीत त्याआधी फक्त इथेच आला होता. बहिणीचा उल्लेख त्याने सगळीकडे ‘ताई’ असाच केला होता, आणि हुरड्याबद्दल बोलताना ताईचे नाव एकदाही घेतले नव्हते.

दुपारी न्यायमूर्तींनी मला विचारले, ‘‘मॅडम, तुमच्या मते साक्षीदाराला दोन्ही पक्षकार म्हणायचे आहे का?’’

मी सांगितले, ‘‘साक्षीदाराच्या मनात काय होते हे ठरवणे माझ्या अधिकारात नाही, महोदय. पण हा शब्द त्याने याआधी गावातल्या दोन गटांसाठी वापरला आहे. ‘पक्षकार’ हा अर्थ त्याच्या साक्षीत कुठेही सिद्ध होत नाही. तो प्रतिज्ञापत्रात आहे, आणि त्या प्रतिज्ञापत्राची भाषा त्याची नाही.’’

भावांच्या वकिलांनी योग्य प्रश्न विचारला. शब्द इंग्रजीच आहे, मग त्याचा इंग्रजी अर्थ का घेऊ नये? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला, कारण उसन्या शब्दांच्या बाबतीत सुशिक्षित माणसे हे गृहीत हमखास धरतात. शब्द ज्या भाषेत वापरला गेला त्या भाषेत त्याचा अर्थ ठरतो, असे मी उत्तर दिले, आणि पुढे हेही सांगितले की बाजू, तट हा त्या शब्दाचा इंग्रजीतलाही जुना अर्थ आहे, तेव्हा साक्षीदाराने तो चुकीचा वापरला असेही म्हणता येणार नाही.

न्यायमूर्तींनी त्यावर इंग्लंडच्या 1362 च्या कायद्याची आठवण काढली. फ्रेंच भाषा लोकांना कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने किंवा विरोधात काय बोलले जात आहे हे त्यांना समजत नाही, म्हणून युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असे त्या कायद्याने ठरवले होते. हा शब्द त्या फ्रेंचमधूनच इंग्रजी न्यायालयात आला आणि तिथून आमच्या सालगड्याच्या तोंडी. बहीण त्या वेळी मागच्या बाकावर बसली होती. तिच्या जमिनीविषयी जे काही चालले होते ते सगळे इंग्रजीत होते. तिच्या वकिलांच्या सहायक मुलीने तिला अधूनमधून मराठीत समजावून सांगितले तेवढेच तिला कळले असेल. एका बाईचा हिस्सा एका अनेकवचनावर अडला असताना तिला स्वतःला तो वाद ऐकता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले, आणि अजूनही वाटते.

खंडपीठाने खाजगी भाषांतर बाजूला ठेवले आणि संपूर्ण उलटतपासणीचे नव्याने भाषांतर करून, समोरच्या पानावर मूळ मराठीसह, सादर करण्याचा आदेश दिला. भावांच्या वकिलांनी त्या वाक्यावरचा भर सोडला आणि सातबाराच्या नोंदींवर युक्तिवाद पुढे चालवला. माझ्या भाषांतरात हुरड्याची पार्टी शेतावरचे खाणे झाली, आलेली पार्टी संभाव्य खरेदीदार झाली, सोसायटीच्या पार्ट्या गट झाल्या. तिसऱ्या वाक्यात मात्र मी मूळ शब्द मराठी उच्चारासह तसाच ठेवला आणि खाली टीप दिली: साक्षीदाराने हाच प्रयोग आधीच्या परिच्छेदात गावातील दोन गटांसाठी केला आहे, येथे कोणता अर्थ घ्यावा हे न्यायालयाने ठरवावे.