आमची वाटचाल : सिलिकोनच्या नळीपासून ब्यूटाइलच्या पट्टीपर्यंत

रत्नागिरीच्या खाडीकाठी आमची कार्यशाळा सुरू झाली ती लाकडी होड्यांच्या डागडुजीवर. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. लाकूड पाण्यात फुगतं आणि फट स्वतःच आवळून घेते. फायबरच्या होड्या आल्या तसा हा आधार गेला. फायबर फुगत नाही, आणि पाणी शिरतं ते बोल्टच्या भोकातून.

सुरुवातीची काही वर्षं आम्हीही बाथरूमला लावतात तेच सिलिकोन वापरलं. आंबूस वासाचं सिलिकोन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते पितळेला आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. त्याहून मोठं दुखणं म्हणजे एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. घासून काढलं तरी अंश उरतोच. तेव्हापासून डेकवर सिलिकोन बंद.

पाणरेषेखाली, म्हणजे इंजिनला समुद्राचं पाणी देणाऱ्या थ्रू-हलला (तळातून आरपार बसवलेल्या तोंडाला), आम्ही पॉलियुरेथेनचं सीलंट लावतो. 300 मिलीच्या नळीत 6 मिमी जाडीची रेघ साधारण 10 मीटर निघते. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातं. दिवसाला तीन-चार मिमी, म्हणून वरून सुकं दिसलं तरी होडी लगेच पाण्यात लोटायची नाही. 3एम 5200 या पॉलियुरेथेन सीलंटला पूर्ण घट्ट व्हायला 5 ते 7 दिवस लागतात. मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा हे दिवस सहज मिळतात. फक्त पृष्ठभाग कोरडाच हवा. ओलावा हवेतला चालतो, फायबरवरचा नाही. जागा आधी अ‍ॅसिटोनने पुसावी, पण फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यातला संवेदक, असेल तर त्याला अ‍ॅसिटोन लावू नये, प्लास्टिक चिरतं. सांडलेलं सीलंट स्पिरिटनेही पुसू नये. ओल्या पॉलियुरेथेनची अल्कोहोलशी क्रिया होते आणि ते चिकटच राहतं.

पॉलिसल्फाइड हे आणखी एक सीलंट सागवानी डेकच्या फटींना उत्तम, पण अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला लावलं तर खिडकीच तडकते.

खरी कसोटी डेकवर. दोरखंड बांधायच्या क्लीटवर सतत हिसके बसतात, आणि डेकच्या पोटात बहुधा प्लायवूड किंवा बाल्सा हे हलकं लाकूड असतं. एका बोल्टमधून झिरपलेलं पाणी आतलं लाकूड कुजवतं. हातोडीने ठोकलं की खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. म्हणून 8 मिमीच्या बोल्टसाठी आधी 14 मिमीचं भोक पाडतो, ते जाडसर इपॉक्सीने भरतो आणि घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध 8 मिमीचं भोक घेतो. आतलं लाकूड मग पाण्याला दिसतच नाही. भोकाच्या वरच्या कडेला थोडी खोलगट उतरण काढायची. ब्यूटाइलची पट्टी, म्हणजे मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी, वळून बोल्टच्या मानेभोवती शंकूसारखी गुंडाळायची, म्हणजे आवळताना ती त्या उतरणीत दाबून बसते. वरून डोकं पान्याने धरून ठेवायचं आणि खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की पट्टी पिळवटते आणि गळती तिथूनच सुरू होते. खाली रुंद प्लेट हवीच. दोन-चार दिवसांनी नट पुन्हा आवळायचा, तेव्हा कडेने आणखी ब्यूटाइल बाहेर येतं.

ब्यूटाइल पाणरेषेखाली वापरू नये, डिझेल भरायच्या तोंडाशीही नाही. डिझेलने ते विरघळतं.

डेकवर आम्ही 5200 लावत नाही. क्लीट कधीतरी काढावा लागतोच, आणि तेव्हा 5200 सोबत जेलकोटचे (फायबरवरच्या गुळगुळीत थराचे) टवके घेऊन येतं. ब्यूटाइल मात्र पातळ पातं घातलं की सुटतं. म्हणून आता प्रत्येक होडीच्या वहीत कोणत्या बोल्टखाली काय लावलंय ते लिहून ठेवतो. पुढच्या वेळी 5200 मऊ करायला आधी गरम हवा घ्यायची की ब्यूटाइलसाठी पातं, हे त्यावरून ठरतं.